बेल्जियममध्ये फ्राईज खायला निघताना: नव्याने आलेल्यांसाठी

माझ्या सासूबाई माळकरी. पहिल्यांदा आमच्याकडे ल्यूव्हेनला आल्या, तेव्हा एका रविवारी आम्ही त्यांना जवळच्या गावी फिरायला नेलं. थंडी होती, भूक लागली होती आणि चौकात समोरच फ्राईजची टपरी होती. बटाटाच तर आहे, असं म्हणून मी मोठा पुडा घेतला. त्यांना तो मनापासून आवडला. अर्धा पुडा संपला असेल-नसेल, तोच टपरीतल्या माणसाने कागदात गुंडाळलेली विटेएवढी पांढरी लादी सोडवून तळणीत सरकवली आणि माझ्या काळजात चर्र झालं. जाऊन विचारलं. गाईबैलांची चरबी होती. सासूबाईंनी हातातला काटा खाली ठेवला, माळेला हात लावला आणि परत येताना वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुला ठाऊक नव्हतं गं. पण मागून येणाऱ्यांना तरी सांगत जा."

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. नोकरीसाठी किंवा शिकायला इथे नुकतेच आलेले, नाहीतर आठ दिवस फिरायला येणारे, सगळ्यांसाठी. वाचून फ्राईजपासून लांब राहू नका. या देशात राहून टपरीवरचे गरम फ्राईज खाल्ले नाहीत तर फार मोठा आनंद हुकेल. फक्त आधी विचारायचं आणि मग खायचं.

पहिली पायरी: तळण कशातलं?

बेल्जियमच्या जुन्या पद्धतीत फ्राईज गाईबैलांच्या चरबीत तळतात. डचमध्ये तिला 'ओसेविट' किंवा 'रुंटफेट' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'ब्लाँ द बफ'. जुने खवय्ये म्हणतात की खरी चव तिचीच. दुसरीकडे, आता पुष्कळ टपऱ्या वनस्पती तेल वापरतात. एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी दोन्ही प्रकार सापडतील. नुसत्या वासावरून किंवा रंगावरून ओळखता येईल या भरवशावर राहू नका.

डच भाषिक भागात विचारायचं, "इन वेल्क फेट बाक्त उ?" म्हणजे कुठल्या तेलात किंवा चरबीत तळता? उत्तरात 'प्लांटआर्दिख' ऐकू आलं तर वनस्पती तेल. 'रुंट' किंवा 'ओसे' ऐकू आलं तर चरबी. फ्रेंच भाषिक भागात, "व्हू क्विझे दाँ केल ग्रेस?" आणि उत्तरात 'वेजेताल' किंवा 'बफ' यांपैकी काय येतं तिकडे कान द्यायचा. ब्रसेल्स, अँटवर्प, गेंट इथे इंग्रजीही चालते. हा प्रश्न विचारल्याचा राग येणारा टपरीवाला मला आजवर भेटलेला नाही. उलट आपलं तळण कुठलं हे ते अभिमानाने सांगतात.

दोन ठिकाणी गफलत होते. एक, 'हलाल' असं लिहिलेलं असलं की आपली काही मंडळी निश्चिंत होतात. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे. चरबीही हलाल असू शकते. दुसरी, तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच तळणीत मांसाचे रोल, मांसाचे गोळे, कोंबडीचे तुकडे तळले जातात का, हे वेगळं विचारावं लागतं. चांगल्या टपरीत फ्राईजची तळणी वेगळी असते, कारण इतर पदार्थांचा वास फ्राईजला लागलेला त्यांनाच चालत नाही. पण गृहीत धरू नका, विचारा. चीजचे क्रोकेट बहुधा त्याच दुसऱ्या तळणीतून येतात.

अमेरिकेत नातेवाईक असतील तर त्यांनाही एवढं सांगा. तिथे मॅकडोनाल्ड्सने १९९० साली चरबी सोडून वनस्पती तेल वापरायचं ठरवलं, पण फ्राईजला लावलेला गोमांसाचा स्वाद राहिला. २००१ मध्ये हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी कोर्टात दावा लावला, कंपनीने माफी मागितली आणि २००२ मध्ये एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. भारतात त्यांच्या फ्राईजमध्ये असा स्वाद नसतो. म्हणजे 'तेल वनस्पतीचं' एवढं उत्तर दरवेळी पुरं पडतंच असं नाही. नुसत्या बटाट्याच्या ताज्या सळ्या डोळ्यांसमोर तळल्या जातात ती टपरी म्हणूनच बरी.

दुसरी पायरी: चांगली टपरी ओळखणं

डच भागात पाटीवर 'फ्रितकोत' किंवा 'फ्रित्यूर' लिहिलेलं असेल, फ्रेंच भागात 'फ्रितरी'. 'कोत' म्हणजे खोपटं. पूर्वी खरोखरच चर्चजवळ, बाजाराच्या चौकात, स्टेशनाबाहेर लाकडी खोपटी किंवा चाकांवरचे गाडे असायचे. आता बहुतेकांची पक्की दुकानं झाली आहेत. २०१४ साली फ्लांडर्सने, म्हणजे देशाच्या डच भाषिक भागाने, या टपरी-संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि पुढे देशातल्या फ्रेंच आणि जर्मन भाषिकांनीही घेतलं. भाषेवरून सतत ताणलेल्या या देशात सगळ्यांनी एकमताने आपली मानलेली वस्तू म्हणजे फ्राईज. २०११ मध्ये निवडणुकीला कितीतरी महिने उलटूनही सरकार बनेना, तेव्हा १७ फेब्रुवारीला विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी चौकाचौकांत फ्राईज वाटले. 'फ्राईज क्रांती' असंच नाव पडलं त्या दिवसाला.

टपरीसमोर उभं राहिलात की काउंटरच्या मागे बघा. दोन गोष्टी शोधायच्या. तळणीच्या बाजूला पांढुरक्या, अर्धवट तळलेल्या सळ्यांचा ढीग आहे का? असेल तर ही जागा बरी. इथले फ्राईज दोनदा तळतात. पहिल्यांदा साधारण १४० ते १६० अंशांवर, आतला बटाटा शिजेपर्यंत. मग बाहेर काढून निवू देतात, वाफ निघून जाऊ देतात. गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यांदा, १७५ अंशांच्या आसपास, दोन-तीन मिनिटं. पहिल्या तळणाने आत भाजलेल्या बटाट्यासारखा मऊ मावा होतो, दुसऱ्याने वरचं कवच होतं. एकदाच तळलेली सळी पाच मिनिटांत लोळागोळा होते. आपल्याकडे कचोरी आधी मंद आचेवर तळून घेतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत सोडतात, त्यातलंच शहाणपण.

दुसरी गोष्ट कानाची. सळ्या तेलात पडल्या की आधी मोठा खळखळाट होतो, बटाट्यातलं पाणी उडत असतं. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, आवाज पातळ होत जातो. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीतल्या बाई पाठमोऱ्या उभ्या राहून गिऱ्हाइकाशी बोलत असतात, मध्येच बोलणं थांबवतात आणि न बघता हात मागे नेऊन जाळी उचलतात. दोन झटके हवेत, मग मोठ्या स्टीलच्या परातीत ओतून वरून मीठ, आणि परातीसकट तीन-चारदा उसळी. सळ्या परातीवर आपटल्या की कोरड्या काटक्यांसारखा आवाज येतो. तो आला तर पुडा उत्तमच असणार.

पाटीवर 'व्हेर्से फ्रितेन' किंवा 'फ्रित फ्रेश' असेल तर बटाटा ताजा कापलेला, गोठवलेला नाही. जात बहुतेकदा 'बिंत्ये'. हा पिठूळ बटाटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या कोर्नेलिस लिव्हेस दे व्ह्रीस या शाळामास्तरांनी तयार केला. आपल्या वाणांना ते विद्यार्थ्यांची नावं द्यायचे. याला बिंत्ये यान्स्मा या मुलीचं नाव मिळालं. एका शाळेतल्या पोरीचं नाव शंभर वर्षांनंतरही रोज टपऱ्यांवर घेतलं जातं, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

तिसरी पायरी: मागायचं कसं

आकार लहान, मध्यम, मोठा असे असतात. पहिल्यांदा लहानच घ्या. इथला लहान पुडा एका माणसाचं जेवण होतो, मोठ्यात दोघं जेवतात. डचमध्ये "एन क्लेन पाक्ये", फ्रेंचमध्ये "अं प्ती पाके". मीठ घालू का, इथे खाणार की नेणार, असे दोन प्रश्न येतील. शक्यतो तिथेच खा. घरी नेलेल्या पुड्यात वाफ कोंडते आणि दहा मिनिटांत सगळी मेहनत वाया जाते. न्यायचेच असतील तर पुड्याचं तोंड उघडं ठेवा.

पुड्यासोबत दोन दातांचा छोटा काटा मिळतो. पूर्वी तो प्लॅस्टिकचा असे. २०२१ पासून युरोपात एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक काट्यांवर बंदी आल्याने आता लाकडी असतो. आणखी एक: चटणीला इथे 'सॉस' म्हणतात आणि तिचे पैसे वेगळे. न सांगता मागाल तर ती सगळ्या फ्राईजवर ओततील. बाजूला हवी असेल तर "आपार्त" किंवा फ्रेंचमध्ये "आ पार" म्हणायचं. घरात एक अंडं खाणारा आणि एक न खाणारा असेल तर हा एक शब्द फार उपयोगी.

चौथी पायरी: सॉस

मेयोनेजशिवाय इथला माणूस फ्राईजला हात लावत नाही. १९५५ च्या राजाज्ञेने बेल्जियन मेयोनेजमध्ये निदान ८० टक्के स्निग्धांश आणि साडेसात टक्के अंड्याचा बलक असायला हवा असं ठरवलं होतं. म्हणून ते इतकं घट्ट आणि जड लागतं. अर्थात अंडं आलंच. 'आंदालूझ' म्हणजे मेयोनेजमध्ये टोमॅटो आणि ढब्बू मिरची. 'सामुराई' तिखट, मिरचीच्या ठेच्याचं मेयोनेज म्हणा ना. आपल्या जिभेला सगळ्यात आधी तेच जवळचं वाटतं. 'तार्तार'मध्ये आंबट काकडीचे तुकडे. या सगळ्यांत अंडं असतं. काही टपऱ्यांवर अंड्याविना मेयोनेज मिळतं, 'व्हेगान' म्हणून मागायचं.

अंडं चालत नसेल तर साधं केचप किंवा 'करी केचप'. नावातल्या करीचा आपल्या रश्श्याशी संबंध नाही, मसाल्याची नुसती झाक असलेलं गोडसर केचप आहे. 'स्टोफव्हलेस' हा शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. बिअरमध्ये शिजवलेल्या गोमांसाचा तो रस्सा आहे आणि नुसता त्याचा रस्सा फ्राईजवर घालून देण्याची पद्धत आहे. दिसायला तपकिरी आमटीसारखा दिसतो, त्यामुळे चूक होऊ शकते.

मांसाहारी मंडळींनी तो जरूर खावा. ब्रसेल्स आणि दक्षिणेकडच्या भागात 'मित्राएत' मिळतं: लांब पाव मधोमध चिरून त्यात मांस, वर फ्राईज, वर सॉस. मांस नको म्हणाल तर नुसते फ्राईज भरूनही देतात. पावात बटाटा ही जोडी आपल्याला काही कुणी शिकवायला नको. भूक खूप आणि खिशात पैसे कमी अशा विद्यार्थ्यांना ती नक्की आवडेल.

पाचवी पायरी: जायचं कुठे

ब्रसेल्समध्ये सगळ्यात नावाजलेली टपरी प्लास जुर्दाँच्या चौकातली मेझाँ आंत्वान. १९४८ पासूनची. युरोपीय संघाच्या कचेऱ्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत बैठकीच्या मधल्या वेळात जर्मनीच्या अँगेला मर्केल इथेच येऊन फ्राईज घेऊन गेल्या होत्या. इथलं तळण चरबीचं, हे माळकऱ्यांनी आणि शाकाहाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं. बाकीच्यांनी रांगेला कंटाळू नये. चौकाच्या कडेच्या कॅफेंत तुम्हाला बाहेरचे फ्राईज नेऊन बसू देतात, फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं. पावसाळी संध्याकाळी आत काचेपाशी बसून पुडा रिकामा करावा. ब्रसेल्समधली माझ्या आवडीची जागा हीच आहे, तिथे मी बसते ती मंडळींसोबत आणि नुसत्या कॉफीवर, तरीही.

शहराच्या मध्यभागी बूर्सच्या, म्हणजे जुन्या शेअर बाजाराच्या, इमारतीशेजारी फ्रितलाँद आहे, १९७८ पासूनचं. ग्राँ प्लास हा जुना मुख्य चौक बघून झाला की पाय आपोआप तिकडे वळतात. इक्सेलमध्ये प्लास फ्लाजेच्या चौकातही टपरी आहे. तिथून दोन पावलांवर तळं, पुडा घेऊन काठावर जाऊन बसता येतं.

ब्रुजला गेलात तर मार्क्तच्या चौकात घंटाघराच्या पायथ्याशी दोन हिरव्या टपऱ्या दिसतील. जागा बघून भाव लावलेला असतो, पण मान वर करून तो ८३ मीटरचा मनोरा बघत गरम फ्राईज खाण्याची मजा दुसरीकडे नाही. जवळच फ्लामिंगस्त्रातवर जुन्या साइहाले इमारतीत २००८ मध्ये सुरू झालेलं फ्राईजचं संग्रहालय आहे. पेरूपासून युरोपपर्यंतचा बटाट्याचा प्रवास तिथे मांडला आहे. मुलं बरोबर असतील तर नक्की जा. अँटवर्पमध्ये ग्रोते मार्क्तजवळ होगस्त्रातवर फ्रित्यूर नंबर वन.

ही सगळी प्रवाशांची ठिकाणं झाली. राहायलाच आला असाल तर घरापासून दहा मिनिटांवरची आपली टपरी शोधा. तिची सुट्टी कुठल्या दिवशी असते ते विचारून ठेवा, कारण आठवड्यातून एखादा दिवस बंद ठेवायची इथे रीत आहे. दोन-चारदा गेलात की ते तुम्हाला ओळखू लागतात. नव्या देशात आपल्याला चेहऱ्याने ओळखणारं पहिलं माणूस कित्येकदा टपरीवाल्या बाईच असतात. माझ्या बाबतीत तसंच झालं, आणि पहिले दहा-बारा डच शब्द मी त्यांच्याच रांगेत उभं राहून शिकले.

हद्द ओलांडून नेदरलँड्समध्ये

शाकाहाऱ्यांना तिकडे जरा मोकळं वाटतं, कारण वनस्पती तेल तिकडे जास्त रूढ आहे. तरीही पहिली पायरी सोडायची नाही. दक्षिणेत फ्राईजला 'फ्रित' म्हणतात आणि उत्तरेत 'पतात'. हा शब्द ऐकून दचकू नका. पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणलेला 'बटाटा' आणि डचांचा 'पतात' हे दोन्ही कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या एकाच शब्दाची लेकरं.

'पतात्ये ओर्लोख' अवश्य खा. ओर्लोख म्हणजे युद्ध. मेयोनेज, त्यावर शेंगदाण्याचा गरम सॉस, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. शेंगदाण्याचा सॉस इंडोनेशियातून, डच वसाहतीच्या काळात आला. मेयोनेज वगळून नुसता शेंगदाण्याचा सॉस आणि कांदा मागितला की आपलं काम झालं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये फूतबोखस्त्रात या गल्लीत व्लेमिंक्सकडे १९५७ पासून फ्राईज विकतात. सॉसची यादी मोठी, रांगही मोठी, पण ती भरभर सरकते.

रॉटरडॅमचा पदार्थ 'कापसालोन', म्हणजे केशकर्तनालय. २००३ मध्ये केप व्हर्दी वंशाच्या एका न्हाव्याने शेजारच्या शोआर्माच्या दुकानात आपल्याला आवडतं ते सगळं एकाच डब्यात मागवलं: फ्राईज, मांस, वितळलेलं चीज, सॅलड, लसणाचा सॉस, तिखट. त्याच्या दुकानावरून नाव पडलं. फलाफल घालून मिळालं तर शाकाहारीही खाऊ शकतात. कॅनडातल्या क्वेबेकचं पुतीन मात्र फ्राईज आणि चीजवर मांसाचा रस्सा ओतून करतात, तेव्हा शाकाहारी रस्सा आहे का ते आधी विचारा.

घरी करायचे असतील तर

इथल्या सुपरमार्केटमध्ये बटाट्याच्या पिशवीवर उपयोग लिहिलेला असतो. 'ब्लूमिख' किंवा 'फारिनझ' म्हणजे पिठूळ, तो घ्या. 'फास्तकोकेंद' म्हणजे शिजवल्यावर अख्खा राहणारा, तो भाजीला. आपल्याकडे अशी पाटी नसते, तिथे विक्रेत्यालाच विचारायचं. गोड लागणारा बटाटा नको म्हणून सांगा. बटाटा गोड होतो तो थंडीत ठेवल्यामुळे. थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि साखर वाढलेला बटाटा तेलात पडला की शिजायच्या आत काळपट होतो. म्हणून फ्राईजचा बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका, अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा.

बोटापेक्षा जरा बारीक, साधारण एक सेंटीमीटर जाडीच्या सळ्या कापा. पाण्यातून दोनदा धुवा आणि कोरड्या पंच्यात गुंडाळून अगदी खडखडीत पुसा. ओल्या सळ्यांनी तेल उसळून अंगावर येतं. कढई निम्म्याहून जास्त भरू नका. शेंगदाण्याचं तेल उत्तम. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं, सळी बोटांत दाबली की आत मऊ लागेल पण रंग धरलेला नसेल, तेव्हा काढा. पसरून अर्धा तास तरी निवू द्या. मग मोठ्या आचेवर, थोडे थोडे. सोनेरी झाले की काढा, तपकिरी होऊ देऊ नका. फार तापलेल्या तेलात बटाट्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचा घातक पदार्थ जास्त तयार होतो, म्हणून युरोपीय संघाच्या २०१८ पासूनच्या नियमांतही तळण्याचं तापमान १७५ अंशांखाली ठेवायला सांगितलं आहे. मीठ काढल्या काढल्या घालायचं, कागदावर पसरून ठेवायचं नाही, परातीत उसळायचं.

गेल्या दिवाळीत नाशिकला असेच केले. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून तेलाचा डबा, कढई, सगळं बघत होत्या. मग स्वतःच शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवली, कांदा बारीक चिरला आणि ताटली पुढे केली.